थरांचं सिरॅमिक: ताकद वाढवायची आणि भेग अडवायची, तर कामाचा क्रम असा लावा

सांगलीत माझ्याकडं दरवर्षी प्रोजेक्टची पोरं येतात, कुणी विश्रामबागेतून, कुणी मिरजेतून, एखादा साताऱ्यावरनं, शिवाय कुपवाड एमआयडीसीतले दोन-चार जण पंपाच्या स्लीव्हसाठी, सीलच्या रिंगसाठी विचारायला येतात. बहुतेकांच्या हातात तोच तुकडा असतो, कडेला केसासारखी भेग पडलेला. आणि प्रश्न पण तोच, "सर, भट्टी अजून किती हळू थंड करू?" भट्टीचा त्यात बहुतेक वेळा काही दोष नसतो. चूक कागदावर झालेली असते, थराची जाडी ठरवताना, किंवा ती ठरवलीच नाही तेव्हा.

खाली जे लिहिलंय ते अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइड) आणि झिरकोनियाच्या (झिरकोनियम ऑक्साइड) थरांबद्दल आहे, टेप कास्टिंगनं, म्हणजे पावडरचा घोळ पातळ ओतून वाळवलेल्या टेपांपासून केलेल्या. क्रम बदलू नका. एकेक चेक झाल्याशिवाय पुढच्या टप्प्यात जाऊ नका, कारण इथं मागची चूक पुढं दुरुस्त होतच नाही, फक्त भट्टीचं बिल वाढतं.

टप्पा १: नक्की काय हवंय ते ठरवा

थर लावून दोन वेगळी कामं साधता येतात आणि लोकं ती एकात एक मिसळतात.

पहिला रस्ता म्हणजे मधे मुद्दाम कमजोर थर ठेवायचा. चिरोट्याला साटा लावतो ना, तूप आणि तांदळाच्या पिठाचा, त्यामुळं पदर सुटे राहतात, तसंच. भेग वरून आली की त्या कमजोर थरात वळते, आडवी पळते आणि तुकडा एका झटक्यात दोन होत नाही. सिलिकॉन कार्बाइडच्या पातळ पत्र्यांमधे ग्रॅफाइट घालून १९९० मधे हे करून दाखवलं होतं, तुकडा मोडायला लागणारी ऊर्जा शंभरपटीच्या वर गेली होती. भेग वळायला हवी असेल तर मधल्या थराचा टफनेस (भेग पुढं सरकायला होणारा विरोध), ऊर्जेच्या हिशोबात, बाजूच्या थराच्या साधारण पाव किंवा त्याहून कमी पाहिजे. ऑक्साइडमधे ग्रॅफाइट चालत नाही, हवेत जळून जातं, तिथं स्टार्च घालून सच्छिद्र थर करतात आणि छिद्रं ४० टक्क्यांच्या आसपास गेल्याशिवाय भेग काही वळत नाही. या रस्त्यात आडव्या घसरणीचा जोर सोसायची ताकद कमी होते. फिरत्या शाफ्टवरच्या स्लीव्हला म्हणून मी हा रस्ता सांगत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले, पण मधले पातळ थर कायमच्या दाबात ठेवलेले. भेग त्या दाबातल्या थरापाशी येऊन अडखळते. ताकद फार पडत नाही आणि ओरखडा, टवका पडला तरी तुकडा ठराविक भार उचलतोच. पुढचं सगळं या दुसऱ्या रस्त्याचं आहे.

टप्पा २: कागदावरचा हिशोब (इथं एक अख्खा दिवस द्या)

तत्त्व साधं आहे. जाड थरात अॅल्युमिना अधिक झिरकोनिया, पातळ थरात नुसता अॅल्युमिना. झिरकोनिया गरम केल्यावर जास्त फुगतो, म्हणजे थंड होताना जास्त आकसतो. सगळे थर चिकटलेले असल्यामुळं जाड थर आकसताना पातळ थराला पण ओढून घेतो. पातळ थर दाबात जातो, जाड थर थोड्या ताणात राहतो.

आपण उदाहरण घेऊ. ५ जाड थर, प्रत्येकी ४०० मायक्रॉन. ४ पातळ थर, प्रत्येकी ६० मायक्रॉन. भाजून झाल्यावरची जाडी म्हणतोय मी, कच्ची नाही. जाड थरात आकारमानाने ४० टक्के झिरकोनिया, ३ मोल टक्के यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) मिसळलेला.

१. दोन थरांच्या प्रसरणातला फरक दर अंशाला दहा लाखात साधारण १ भाग येतो. साधारण १२०० अंशांच्या खाली पदार्थ सैल पडायचा थांबतो, तिथून खोलीच्या तापमानापर्यंत धरलं तर आकसण्यातला फरक ०.१२ टक्के.

२. कडकपणा, म्हणजे यंगचा मोड्युलस भागिले एक वजा पॉयसनचं गुणोत्तर, अॅल्युमिनाचा अंदाजे ५०० गिगापास्कल, मिश्रणाचा ४२०.

३. ५०० गिगापास्कल गुणिले ०.१२ टक्के म्हणजे ६०० मेगापास्कल. याला भागायचं १ अधिक [(५०० × २४०) ÷ (४२० × २०००)] ने, म्हणजे १.१४ ने. पातळ थरातला दाब आला साधारण ५२५ मेगापास्कल.

४. जाड थरातला ताण म्हणजे ५२५ × २४० ÷ २०००, साधारण ६३ मेगापास्कल.

५. आता सगळ्यात महत्त्वाचं. दाबातल्या थराला कडेला, जिथं तो उघडा पडतो तिथं, आडवा ताण तयार होतो आणि थर मधोमध फाटतो. तो फाटू नये म्हणून जाडी किती चालेल? टफनेसचा वर्ग भागिले (०.३४ × दाबाचा वर्ग). अॅल्युमिनाचा टफनेस ३.५ मेगापास्कल रूट मीटर धरला तर उत्तर १३० मायक्रॉन. आपला थर ६० चा आहे, बसतंय.

वर्ग आहे हे लक्षात घ्या. दाब दुप्पट केला की चालणारी जाडी पाव होते, ३३ मायक्रॉनवर येते. "झिरकोनिया वाढवू, दाब वाढेल, ताकद वाढेल" असं म्हणत पोरं पुढं जातात आणि थर मात्र तोच १०० मायक्रॉनचा ठेवतात. मग कडेची भेग आलीच म्हणून समजा. दुसऱ्या बाजूनं, पातळ थर जाड केला तर जाड थरातला ताण वाढत जातो आणि मग भेगा उभ्या पडतात.

चेक: रचना वरून खालून सारखी आहे का? मधल्या थरापासून दोन्हीकडं तोच क्रम, तीच जाडी. नसेल तर तुकडा कमानीसारखा वाकणार.

अजून एक निर्णय इथंच घ्या. सगळ्यात बाहेरचा थर जाड ठेवला तर पृष्ठभाग ६३ मेगापास्कल ताणात असतो, म्हणजे बारीकशा खोटेला तुमची सुरुवातीची ताकद तेवढ्यानं कमीच भरते, फायदा मोठ्या भेगेला होतो. पृष्ठभागाचीच ताकद पाहिजे असेल तर बाहेरून दोन्हीकडं पातळ अॅल्युमिनाची कातडी द्या आणि हिशोब पुन्हा मांडा.

टप्पा ३: वजनं

इथं दोन चुका होतात आणि दोन्ही दिसत नाहीत.

एक. ४० टक्के हे आकारमानानं आहे. झिरकोनियाची घनता ६.०५, अॅल्युमिनाची ३.९८. वजनात ते जवळपास ५० टक्के होतं, १०० ग्रॅम मिश्रणात ५०.३ ग्रॅम झिरकोनिया. तराजूवर ४० ग्रॅम टाकला तर तुमचा सगळा कागद वाया गेला.

दोन, आणि ही फारच कमी लोकांना माहिती असते. बाइंडर (पावडरचे कण एकत्र धरून ठेवणारा चिकट पदार्थ) पण आकारमानानंच बघायचा. १०० ग्रॅम अॅल्युमिना म्हणजे २५ घन सेंमी पावडर, १०० ग्रॅम मिश्रण म्हणजे फक्त पावणेएकवीस. दोन्हीत सारखाच ८ ग्रॅम पीव्हीबी (पॉलिव्हिनाइल ब्युटिराल, आपला बाइंडर) टाकला तर मिश्रणाच्या टेपमधे बाइंडरचा वाटा जास्त होतो, कच्ची घनता कमी होते, भट्टीत ती जास्त आकसते आणि थर एकमेकांना ओढून सोडवतात. अॅल्युमिनाला ८ ग्रॅम असेल तर मिश्रणाला ६.६ ग्रॅम. प्लास्टिसायझर (टेप लवचिक ठेवणारा) पण त्याच प्रमाणात कमी.

माझी सुरुवातीची रेसिपी अॅल्युमिनाच्या १०० ग्रॅमला अशी: डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारा) १.५ ग्रॅम, सॉल्व्हंट म्हणून इथेनॉल आणि एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) मिळून ३५ ते ४० ग्रॅम, पीव्हीबी ८ ग्रॅम, प्लास्टिसायझर ६ ग्रॅम. तुमच्या पावडरचे कण किती बारीक आहेत त्यावर थोडं इकडंतिकडं होणार.

सावधान: एमईके पटकन पेट घेतं. एक्झॉस्ट चालू, जवळपास हीटर नाही, स्पार्क नाही. पावडर मोजताना मास्क.

टप्पा ४: स्लरी (ओतायचा घोळ)

१. पावडर, सॉल्व्हंट, डिस्पर्संट एवढंच पॉट मिलमधे, झिरकोनियाच्या गोळ्यांबरोबर, २४ तास.
२. मग पीव्हीबी आणि प्लास्टिसायझर, परत १२ ते २४ तास.
३. गोळ्या काढून नायलॉनच्या कापडातून गाळा.
४. गाळल्यावर बाटली रोलरवर एकदम हळू फिरवा किंवा व्हॅक्युममधे काही मिनिटं ठेवा, बुडबुडे जायला पाहिजेत.

वेळ वाचवायला सगळं एकदम टाकतात. तसं केलं की बाइंडर आधी कणांवर जाऊन बसतो, डिस्पर्संटला जागा राहत नाही, गुठळ्या तशाच राहतात. आणि तुकडा शेवटी मोडतो तो त्या गुठळीपासनंच, तुमच्या थरांचा त्यात काही संबंध येत नाही.

टप्पा ५: टेप ओतणं आणि वाळवणं

सिलिकॉन लावलेल्या मायलरवर (पॉलिएस्टरची फिल्म), सपाट काचेच्या टेबलवर. वाळलेल्या टेपची जाडी स्लरी पसरवणाऱ्या ब्लेडच्या फटीच्या निम्मी किंवा त्याहून कमी येते, पण हे पाठ करून चालत नाही, तुमच्या स्लरीची एक ट्रायल ओता, मायक्रोमीटरनं पाच ठिकाणी मोजा आणि वहीत लिहा. भाजताना लांबीत साधारण १८ टक्के आकसतं असं धरलं तर ६० मायक्रॉनसाठी कच्ची टेप साधारण ७५ ची लागते आणि ४०० साठी ४९० ची, म्हणजे १२० ते १२५ च्या चार टेप. लॅमिनेशनमधे (टेपा दाबून जोडताना) अजून थोडी चेपते, ते पण ट्रायलमधे कळतं.

वाळवणं पापडासारखं समजा. भर उन्हात पापड टाकला की वरनं कडक होतो, आतनं ओला राहतो आणि कडा उचलतात. टेपचं हुबेहूब तेच होतं. झाकण ठेवा, पंखा बंद, सॉल्व्हंट हळूहळू जाऊ दे. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हा त्रास वेगळाच असतो, कृष्णेकाठची दमट हवा, सॉल्व्हंट उडताना टेप गार पडते, तिच्यावर पाणी धरतं आणि पांढुरके डाग येतात. गेल्या जुलैत तासगावच्या दोन पोरांनी सलग तीन टेप अशाच घालवल्या, रेसिपी बदलून बदलून, आणि रेसिपीत काहीच चूक नव्हती. खोलीत डिह्युमिडिफायर लावला, खिडकी बंद केली, चौथी टेप स्वच्छ आली.

चेक: टेप पेन्सिलीभोवती गुंडाळा, तडकायला नको. ट्यूबलाइटसमोर धरा, टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढा भाग बाजूला. ओतायच्या दिशेचा बाण पेन्सिलीनं कोपऱ्यावर काढून ठेवा.

टप्पा ६: रचणं आणि दाबणं

६० बाय ६० मिमीचे तुकडे कापा. आपल्या रचनेत जाड थराच्या २० टेप आणि पातळ थराच्या ४, एकूण २४. रचायच्या आधीच कागदावर १ ते २४ क्रम लिहून त्या क्रमानं चळत लावून ठेवा, रचता रचता मोजायला गेलात तर चुकणारच, दोन्ही टेप दिसायला पांढऱ्याच असतात. एक आड एक टेप ९० अंशात फिरवा, कारण ओतायच्या दिशेनं आणि आडव्या दिशेनं टेप सारखी आकसत नाही.

दाबताना तापमान ७० ते ८० अंश, दाब २० मेगापास्कल, १० मिनिटं. प्रेसवर टनाचा काटा असतो म्हणून हिशोब करा: ३६०० चौ. मिमी गुणिले २० म्हणजे ७२ किलोन्यूटन, सव्वासात टनांच्या आसपास. मागच्या बॅचला ५ टन होता म्हणून याला पण ५ टन, असं करू नका, तुकड्याचं माप बदललं की टन बदलतो. दाबायच्या आधी चळत गरम डायमधे वीस मिनिटं नुसती ठेवा, नाहीतर बाहेरच्या टेप मऊ आणि आतल्या थंडच राहतात. पाच मिनिटांनी चळत उलटी फिरवून परत दाबा.

चेक: एक कड धारदार ब्लेडनं कापून भिंगाखाली बघा. टेपांमधली रेघ दिसली, तर तिथंच पुढं पापुद्रा सुटणार. परत दाबा.

टप्पा ७: बाइंडर जाळणं

घाई करायची सगळ्यात वाईट जागा. बाइंडर २०० ते ४५० अंशांत गॅस होतो आणि तो गॅस पावणेतीन मिलिमीटर चळतीतनं बाहेर यायचा असतो.

१. १५० पर्यंत मिनिटाला १ अंश.
२. १५० ते ५०० मिनिटाला ०.३ अंश. साडेएकोणीस तास लागतात, लागू देत.
३. ६०० ला २ तास.
४. तसंच पुढं १००० पर्यंत मिनिटाला २ अंश, १ तास थांबून बंद. नुसता ६०० वरनं काढलेला तुकडा हातात भुगा होतो.

सच्छिद्र अॅल्युमिनाच्या पाटावर ठेवा, भट्टीत हवा खेळती पाहिजे.

चेक: आधीचं आणि नंतरचं वजन. वरच्या रेसिपीनं एकूण घट साडेअकरा टक्क्यांच्या आसपास यायला पाहिजे. खूप जास्त आली तर टेप पूर्ण वाळली नव्हती. कमी आली तर आत कार्बन अडकलाय किंवा वजनात चूक आहे, तुकडा करडा दिसतो का बघा.

टप्पा ८: भाजणं

मिनिटाला ५ अंशांनी १५५० पर्यंत, २ तास, मग मिनिटाला ३ ते ५ अंशांनी खाली. पाटावर जाड अॅल्युमिना पावडर भुरभुरा, म्हणजे तुकडा आकसताना मोकळा सरकेल. लाइट गेली तर कंट्रोलर परत आल्यावर कुठनं सुरू होतो हे आधीच तपासून ठेवा, काही कंट्रोलर पहिल्यापासून सुरू करतात. उतरताना लाइट गेली तर दार उघडू नका, आपोआप थंड होऊ दे. १५० अंशांच्या वर दार उघडायचंच नाही.

चेक: पाण्यात उकळून आर्किमिडीजनं घनता काढा. या रचनेची पूर्ण घनता ४.७२ येते, ४.६३ च्या वर असेल तर ९८ टक्के झाली. काचेवर ठेवून तुकडा डुलतो का बघा.

टप्पा ९: भेग वाचा, मग दुरुस्ती करा

कडा घासून फाउंटन पेनची शाई लावा, पाच मिनिटांनी पुसा आणि भिंगाखाली बघा. भेगा तीन प्रकारच्या असतात आणि तिन्हीचं औषध वेगळं आहे.

पातळ थराच्या बरोबर मधोमध, थराला समांतर, कडेकडेनं जाणारी निळी रेघ: ही कडेची भेग. दाबाच्या मानानं थर जाड झालाय. भट्टी कितीही हळू उतरवा, ही जात नाही, कारण हा दाब थंड झाल्यावरचा कायमचा दाब आहे. थर पातळ करा किंवा झिरकोनिया कमी करा.

जाड थरात उभ्या, ठराविक अंतरावर, पातळ थरापाशी थांबलेल्या रेघा: जाड थरातला ताण जास्त झाला. पातळ थरांचा एकूण वाटा कमी करा. पण आधी भेगेच्या कडा मायक्रोस्कोपखाली बघा. कडा धारदार असतील तर भेग उतरताना पडलीय. गोलसर, वितळल्यासारख्या असतील तर ती वर चढतानाच पडलेली आणि नंतर भाजली गेलीय, म्हणजे दोन थर वेगवेगळ्या वेगानं आकसले. मग टप्पा ३ मधला बाइंडर तपासा.

थरांच्या जोडावर, रुंद, कधी फुगा आल्यासारखी: पापुद्रा सुटलाय. लॅमिनेशन किंवा बाइंडर जाळणं.

कुपवाडच्या एका भल्या माणसानं सहा महिने पहिल्या प्रकारच्या भेगेवर भट्टीचा प्रोग्रॅम बदलत काढले. त्याच्या तुकड्यात पातळ थर मोजला तर १८० मायक्रॉन भरला. ५० वर आणला, पुढच्याच बॅचला कड स्वच्छ.

टप्पा १०: कापणं, घासणं

डायमंड व्हील, भरपूर पाणी, घासायची दिशा पट्टीच्या लांबीला समांतर. पट्ट्या ४ मिमी रुंद, ४५ लांब, कोपरे हलके मोडलेले. एकाच बाजूनं १०० मायक्रॉन घासला की बाहेरचा थर ४०० चा ३०० झाला, समतोल गेला, पट्टी वाकली आणि मोजलेली ताकद पण खोटी. घासायचंच असेल तर दोन्ही बाजूंनी सारखं, आणि तेवढा वाढावा टप्पा २ मधेच धरून ठेवा.

टप्पा ११: टेस्ट

नुसती ताकद मोजून भेग सोसायची क्षमता कळत नाही. दोन गट करा: तुमच्या थरांच्या पट्ट्या, आणि त्याच जाड थराच्या मिश्रणाच्या, थर नसलेल्या पट्ट्या, त्याच भट्टीत, त्याच दिवशी भाजलेल्या. दुसरा गट नसेल तर पहिल्या गटाच्या आकड्याला काही अर्थ नाही.

१. प्रत्येक गटातल्या काही पट्ट्या तशाच ठेवा, बाकीच्यांवर ताण येणाऱ्या बाजूच्या मधोमध विकर्सचा (हिऱ्याच्या टोकाचा) ठसा, १, ३, ५ आणि १० किलोचा. ठशाचे कर्ण पट्टीच्या कडांना समांतर. ठसा पाडायच्या आधी तेलाचा एक थेंब, म्हणजे हवेतल्या ओलाव्यानं भेग पुढं सरकत नाही.
२. चार पॉइंट बेंडिंग, बाहेरचं अंतर ४०, आतलं २० मिमी. ठसा खाली आणि आतल्या अंतरातच आला पाहिजे.
३. प्रत्येक भाराला कमीत कमी १० पट्ट्या. ताकद किती फाकते ते वायबुलच्या सांख्यिकीनं काढायचं असेल तर ३०.

साध्या पट्टीची ताकद ठशाचा भार वाढेल तशी घसरत जाते, भाराच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात. थरांच्या पट्टीची आधी घसरते आणि मग एका पातळीला येऊन आडवी होते. ती आडवी रेघ तुमच्या कामाची, डिझाइनसाठी तोच आकडा धरायचा, सगळ्यात वरचा नाही.

तुटलेले अर्धे तुकडे फेकू नका. नंबर टाकून पाकिटात ठेवा आणि आलेख काढायच्या आधी बाजूनं भिंगाखाली बघा. पातळ थरात भेग वळलेली किंवा दोन फाटे फुटलेली दिसली तर थर काम करतोय. सरळ सुरीनं कापल्यासारखी आरपार गेली असेल तर त्या पट्टीचा थर मायक्रोस्कोपखाली मोजा, कागदावरच्या ६० शी ताडून बघा आणि मोजलेली जाडी घालून टप्पा २ चा हिशोब परत मांडा.